चौऱ्याऐंशीचा फेरा : रशियन चांदीचा चहासंच आणि आपली मोड

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा किटल्यांशी काय संबंध? संबंध आहे. तो काय, हे आजच्या बोलण्यात दिसावं अशी आमची अपेक्षा आहे.

सुरुवात एका आकड्याने करू. चौऱ्याऐंशी. आपल्याला हा आकडा चौऱ्याऐंशी लक्ष योनींमुळे ठाऊक. पण जुन्या रशियन चांदीच्या किटलीच्या बुडाशी, साखरदाणीच्या पायाशी, चमच्याच्या दांड्यामागे हाच आकडा बारीक अक्षरात कोरलेला दिसतो. तो किंमत नाही, साल नाही, नगाचा क्रमांकही नाही. झारशाहीतल्या रशियात वजनाचा ‘फुन्त’ म्हणजे रत्तल होता आणि त्याचे ९६ भाग करीत. एका भागाला ‘झोलोतनिक’ म्हणत, साधारण सव्वाचार ग्रॅमचा. चांदी ८४ची आहे याचा अर्थ ९६ भागांत ८४ भाग शुद्ध चांदी आणि उरलेल्या १२ भागांत मुख्यतः तांबं. आजच्या भाषेत हजारात ८७५. त्याहून चोख माल ८८चा आणि ९१चा. सोन्याच्या कॅरटची सवय असलेल्यांना सांगायचं तर ८४ म्हणजे एकवीस कॅरट, सरळ त्रैराशिक आहे.

चांदीची भांडी नुसत्या शुद्ध चांदीची करीत नाहीत, कारण शुद्ध चांदी मऊ. किटलीचा कान चार दिवसांत वाकायचा. तांबं मिसळावंच लागतं. आणि एकदा मिसळायचं म्हटलं की किती मिसळलं हा प्रश्न येतो, आणि तो डोळ्यांनी सुटत नाही. ८७५ची चांदी आणि ७५०ची चांदी, दोन्ही घासून पुसून ठेवल्या तर आमच्यासारख्याला काय, जाणत्यालाही नजरेने सांगता येणार नाही. इथून आपला विषय सुरू होतो.

आधी रशियात चहा कसा आला ते थोडक्यात. १६३८ साली मंगोल सरदार अल्तान खानाकडून झार मिखाईलसाठी भेट म्हणून चहाची पत्ती आली. घेऊन येणारा वकील नाराज होता, असं सांगतात. वाळका पाला घेऊन राजाकडे कसा जाऊ! पुढे १७२७ साली चीनशी क्याख्ताचा तह झाला आणि सीमेवरच्या त्या गावातून उंटांच्या तांड्यांवरून चहा येऊ लागला. वाट लांबची, म्हणून चहा महाग, आणि महाग म्हणून तो आधी श्रीमंतांचा. महाग पेयाला महाग भांडं लागतं. १७७८ साली तुला या शहरात लिसित्सिन बंधूंनी सामोवार बनवायचा कारखाना काढला. सामोवार म्हणजे ‘आपलंआपण उकळणारा’. तो बहुतेकांच्या घरी पितळेचा. मोजक्यांच्या घरी चांदीचा. १८६९ला सुएझ कालवा उघडला, समुद्रमार्गे चहा स्वस्त झाला आणि व्यापारी, कारकून, स्टेशनमास्तर सगळेच प्यायला लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले जे रशियन चांदीचे संच आज पाहायला मिळतात, ते मुख्यतः या नव्या सुखवस्तू वर्गासाठी घडवलेले आहेत.

संचात काय काय असे? चहाची किटली बुटकी आणि पोटाची, कॉफीची उंच आणि सडपातळ. कॉफीचा गाळ तळाशी बसावा म्हणून ती उंची. रशियन चहाची किटली बरेचदा लहान असते, कारण तिच्यात नुसता कडक अर्क करायचा, ती सामोवारच्या डोक्यावर ठेवायची आणि पेल्यात थोडा अर्क घेऊन वरून गरम पाणी घालायचं. मग साखरदाणी, सायीचं भांडं, उरलासुरला चहा ओतायचं वाडगं, गाळणी, साखरेचे खडे उचलायचा चिमटा, तबक. चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते, म्हणून किटलीच्या कानाला दोन ठिकाणी हस्तिदंताची पातळ चकती बसवत. ती चकती नसती तर किटली उचलताच हात भाजला असता. आतून सोन्याचा मुलामा, कारण चांदी काळी पडते आणि सोनं पडत नाही. आणि एक गंमत रशियन सोनारांची खास होती. तबकावर घडी विस्कटलेला नॅपकीन पडलाय असं वाटावं, हात लावावा तर तो चांदीचाच! धाग्यांची वीण, कडेची झालर, सगळं छिन्नीने काढलेलं. साखर खाण्याची रीतही सांगून टाकतो. खडा दातात धरायचा आणि बशीतून भुरका मारायचा. बोरिस कुस्तोदियेव्ह या चित्रकाराने १९१८ साली रंगवलेली चहा पिणारी व्यापाऱ्याची बायको बशी अशी बोटांवर तोलून धरते, की आपल्याकडच्या जुन्या माणसांना ती परकी वाटू नये.

आता बुडाशी वळू. एखादी मॉस्कोची किटली उलटी केली की तिथे चार गोष्टी सापडतात. चौऱ्याऐंशीचा आकडा. शहराचं चिन्ह, मॉस्कोचं असेल तर घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला भाला मारणारा संत जॉर्ज, पीटर्सबर्गचं असेल तर एकमेकांवर टाकलेले दोन नांगर आणि राजदंड. चांदी तपासणाऱ्या सरकारी परीक्षकाच्या नावाची आद्याक्षरं आणि खाली साल. आणि चौथी, घडवणाऱ्याची अक्षरं. १७०० साली पीटर द ग्रेटने तपासणी आणि ठशाचा हुकूम काढला, तेव्हापासून ही शिस्त घट्ट होत गेली. १८९९पासून शहराचं चिन्ह जाऊन सगळ्या देशाला एकच ठसा आला: कोकोश्निक नावाचं पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या बाईचा चेहरा. १९०८पर्यंत ती डावीकडे बघते, त्यानंतर क्रांतीपर्यंत उजवीकडे. बाई कुठे बघते यावरून भांड्याचं वय कळतं.

आम्ही वर्गात न्यायदर्शन शिकवायचो तेव्हा शब्दप्रमाण मुलांच्या गळी उतरवणं सगळ्यांत अवघड जायचं. प्रत्यक्ष पटतं, अनुमान पटतं. पण कुणीतरी सांगितलं म्हणून खरं मानायचं, हे ज्ञान कसलं? तेव्हा हा ठसा हाताशी असता तर बरं झालं असतं. सोनाराची कसोटी म्हणजे काळा दगड, त्यावर ओढलेली रेघ आणि तिच्यावर टाकलेला आम्लाचा थेंब, हे प्रत्यक्षाला धरून केलेलं अनुमान. पण घरोघरची बाई काही कसोटीचा दगड घेऊन बसत नाही. ती ठसा बघते. ठसा म्हणजे आप्ताचा शब्द. आप्त कोण? ज्याला माहीत आहे आणि ज्याला खोटं बोलण्यात फायदा नाही तो. म्हणून तर घडवणारा आणि तपासणारा असे दोन वेगळे ठसे. घडवणाऱ्याला खोटं बोलण्यात फायदा असू शकतो. परीक्षकाला तो नसावा अशी व्यवस्था. अर्थात व्यवस्था म्हणजे हमी नव्हे. साध्या जुन्या भांड्यावर नवी मीनाकारी चढवून फाबर्जेचं नाव ठोकण्याचा धंदा जोरात चालतो. शब्दप्रमाणात खोट्या आप्ताचा धोका असतोच, आणि आपले नैयायिक त्याबद्दल अजिबात भाबडे नव्हते.

पण आमचं मन अडकतं ते चौथ्या ठशापाशी, घडवणाऱ्याच्या. पावेल ओव्चिन्निकोव हे मॉस्कोतल्या मीनाकारीच्या चांदीतलं फार मोठं नाव. हा माणूस जन्माने भूदास. प्रिन्स वोल्कोन्स्कीच्या मालकीचा. मालकीचा म्हणजे खरोखर मालकीचा, जमिनीबरोबर विकता येणारा. रशियातली भूदासप्रथा कायद्याने संपली १८६१ साली. ओव्चिन्निकोवने त्याआधीच स्वातंत्र्य मिळवलं होतं आणि १८५३ साली स्वतःची कार्यशाळा काढली होती. पुढे त्याला राजघराण्याचा सनदी पुरवठादार म्हणून दुतोंडी गरुड वापरण्याचा मान मिळाला. त्याच्या भांड्याच्या बुडाशी त्याचं आडनाव आहे, वर गरुड आहे. ज्या व्यवस्थेत माणूस वस्तूसारखा विकला जात होता, त्याच व्यवस्थेत वस्तूवर माणसाचं नाव ठोकणं कायद्याने बंधनकारक होतं. याचा अर्थ काय लावायचा, हे आम्ही तुमच्यावर सोडतो. एवढंच सांगतो की ते नाव आदरापोटी मागितलेलं नव्हतं. चांदीत भेसळ निघाली तर पकडायचं कुणाला, यासाठी होतं. पण राहिलं. दीडशे वर्षं राहिलं.

रशियन चांदी आपल्या मुंबईत कितीशी असणार, असं कुणी म्हणेल. खरंय, फार नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन चौलला उतरला तो घोडा विकायला, किटली नव्हे. पण दोन वाटांनी या चौऱ्याऐंशीची गाठ पडते आणि दोन्ही ठिकाणी फसायला होतं.

पहिली वाट इराणची. सामोवार रशियातून इराणात गेला आणि तिथे घरचाच झाला. त्याबरोबर चांदीचं ८४चं प्रमाणही गेलं. इराणी चांदीच्या चहाच्या तबकांवर, पेल्यांच्या पकडींवर ८४ असतो, पण फारसी अंकात: आठ कौलारू छपरासारखा, चार त्याच्या शेजारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द-केरमानकडून इराणी झरथुष्ट्री मुंबईत आले, त्यांनी हॉटेलं काढली, आणि आपण ‘इराण्याकडचा चहा’ प्यायला शिकलो. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी अशी चांदी निघाली आणि ‘८४ म्हणजे रशियन’ असं कुणी ठोकून दिलं, तर सावध राहावं. आकडा रशियन मापाचा, हात इस्फहानचा असू शकतो.

दुसरी वाट अगदी आपल्या दाराशी आहे. पवई. आयआयटी १९५८ साली स्थापन झाली, युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदतीने. रशियन प्राध्यापक आणि यंत्रं इथे आली, इथली माणसं तिकडे गेली. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५चा. त्यातल्या मराठी इंजिनिअरांपैकी कितीतरी जण निवृत्तीनंतर मुलुंड-भांडुपला, घाटकोपरला, बोरिवलीला स्थिरावले. घाटकोपरच्या चिरागनगरातून अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं, हे तुम्हाला माहीत आहे. परतणाऱ्याच्या सामानात हमखास एक वस्तू असे: नक्षीदार, कानाची, धातूची पकड आणि तिच्यात बसणारा काचेचा पेला. रशियनमध्ये तिला ‘पोदस्ताकान्निक’ म्हणतात, म्हणजे ‘पेल्याखालचं’. कधीकाळी ती चांदीची होती. सोव्हिएत काळात ती रेल्वेच्या डब्यात पोचली. हलत्या गाडीत पेला सांडू नये, हात भाजू नये. वर क्रेमलिन, स्पुतनिक, कधी सैबेरियातलं अस्वल.

आपल्याकडे या पकडींना घरोघर ‘रशियन चांदी’ म्हणतात. तर बहुतेक ती चांदी नसते. उलटी करून बघा. इंग्रजी ‘एम’, इंग्रजी ‘एच’ आणि शेपूट असलेली उघडी चौकट अशी तीन अक्षरं दिसली, तर ती रशियन म, न, त्स आहेत. तांबं, निकेल, जस्त, यांची रशियन आद्याक्षरं. वर चांदीचा मुलामा असेल तेवढाच. निराश होऊ नका. ठसा इथेही खरंच बोलतोय, आपण वाचत नव्हतो. सोव्हिएत काळातली खरी चांदीही असते. तिच्यावर ८७५ असतो, आणि १९२७पासून काही दशकं शेजारी हातोडा घेतलेल्या कामगाराचं डोकं. झार गेला, शिरोभूषण घातलेली बाई गेली, कामगार आला. पण ८७५ म्हणजे बरोब्बर ९६तले ८४! क्रांतीने आकडा बदलला, प्रमाण नाही.

आणि त्या झारकालीन संचांचं काय झालं? बरेचसे वितळले. १९३१ ते १९३६ या काळात सोव्हिएत सरकारने ‘तोर्गसिन’ नावाची दुकानं चालवली. तिथे घरातलं सोनं, आणि पुढे चांदीही, देऊन पीठ, साखर, पाव मिळे. मधल्या वर्षांत, १९३२-३३ला, भीषण दुष्काळ पडला. लोकांनी चमचे नेले, साखरदाण्या नेल्या, क्रूस नेले. चांदी वजनावर घेतली जाई. बुडाशी कुणाचं नाव आहे याला तिथे किंमत नव्हती. आपल्याकडेही १९३१नंतर मंदीत गांजलेल्या शेतकऱ्यांचं सोनं मुंबई बंदरातून बाहेर गेलं, त्यात किती पुतळ्या, किती वाक्या असतील. भुकेसाठी मोडलेल्या वस्तूबद्दल इतिहासकाराने हळहळावं, पण तक्रार करू नये.

आज उपनगरांत मोड चालू आहे ती निराळी. इमारती पुनर्विकासाला जातायत. चाळीस वर्षांचं कपाट आठ दिवसांत रिकामं करायचं, भाड्याच्या जागेत जायचं. आमच्या परिचयाच्या एका घरी सहा पोदस्ताकान्निक निघाले आणि एक छोटी साखरदाणी. पकडी सोनाराने बाजूला सारल्या, ‘ही चांदी नाही.’ साखरदाणी वजनकाट्यावर ठेवली. भावंडं तिघं. साखरदाणीचे तीन भाग कसे करणार? वितळवली की होतात. पैसे समान वाटले गेले, कुणाचं मन दुखावलं नाही. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. धाकट्या बहिणीने मोबाईलवर तिचा एक फोटो काढून ठेवला होता, तो आम्ही मोठा करून पाहिला. बाई डावीकडे बघत होती. शेजारी ८४. आणि फोटोच्या कडेला घडवणाऱ्याची अक्षरं अर्धी कापली गेली होती. पहिलं अक्षर दरवाजाच्या चौकटीसारखं, म्हणजे रशियन ‘प’. पुढचं नाही. ‘प’ने सुरू होणारी नावं रशियात ढीगभर, एवढ्यावरून ओव्चिन्निकोवचं नाव घेणं हा आचरटपणा होईल. १८९९ ते १९०८च्या दरम्यान कुणीतरी ‘प’ होता, एवढंच आता म्हणता येतं.

आम्ही त्या तिघांना दोष देत नाही. वाटणीचं त्यांचं तर्कशास्त्र बिनतोड आहे: द्रव्य विभागता येतं, आकार विभागता येत नाही. आमच्या वेदान्ती मित्रांना तर हे फारच आवडेल. दागिने नाममात्र, सोनं तेवढं सत्य, हा दृष्टान्त आपल्या अंगात इतका मुरलाय की मोड घेणारा सराफ आम्हाला कधीकधी नकळत अद्वैती वाटतो. पण तो दृष्टान्त ब्रह्माबद्दल आहे, साखरदाणीबद्दल नाही. इतिहासाला नामरूपावाचून दुसरं काही धरायला नसतं.

यावर एक आक्षेप आम्हीच घेतो, कारण तो खरा आहे. इंग्रजांच्या काळात आपल्या सोनारांनी साहेबांसाठी जे चहासंच घडवले, त्यांची चांदी कुठून आली? पुष्कळदा राणीछाप रुपयांतून. गिऱ्हाईक रुपये मोजून देई, कारागीर ते वितळवी आणि तेवढ्या तोळ्यांची किटली देई. तो रुपया बारात अकरा भाग चांदीचा होता. रशियन मापात सांगायचं तर ९६त ८८, नेमका. तेव्हा आपली प्रत्येक जुनी किटली ही आधीच कुठल्यातरी मोडीतून जन्मली आहे. चौऱ्याऐंशीचा फेरा कुणाला चुकलाय! तरीही फरक आहे. रुपये लाखो होते आणि सगळे सारखे. हातच्या छिन्नीने केलेली किटली एकच असते.

आणि आपल्या त्या किटल्या कमी दर्जाच्या मुळीच नव्हत्या. कच्छची चांदी तर ९५ टक्क्यांच्या वर चोख. भांड्याच्या पोटात राळ ओतून घट्ट करायची आणि बाहेरून छिन्नीने पानाफुलांची इतकी दाट नक्षी ठोकायची की टिचभर जागा मोकळी राहू नये. किटलीचा कान म्हणजे नाग, झाकणावर हत्ती. पुण्याची चांदी त्याहून उठावाची. देवदेवता, शिकार, अंगावर येतील अशा आकृती. मुलुंड-घाटकोपरला कच्छी मंडळींची वस्ती केवढी आहे, तेव्हा रशियन साखरदाणीपेक्षा कच्छी किटली कपाटातून निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण ती उलटी करून बघितली तर? बहुतेक वेळा बूड कोरं. भुजचा उमरशी मावजी हा कच्छच्या दरबाराचा कारागीर, त्याने ‘ओ.एम.’ अशी इंग्रजी अक्षरं ठोकली, म्हणून आज जगातली संग्रहालयं त्याला ओळखतात. पुण्याच्या हीराप्पा बूचेना यांचं नाव असंच भांड्यांवरून टिकलं. कलकत्त्याच्या हॅमिल्टन किंवा मद्रासच्या ऑर या कंपन्यांनी ठसे मारले, पण कंपनीचे. आत राबणारे हात आपले, नाव साहेबाचं. बाकी शेकडो कारागिरांना आपण ‘कच्छी काम’, ‘पुणेरी काम’ एवढ्याच नावाने ओळखतो. त्यांच्यावर भूदासप्रथा नव्हती आणि ठशाची सक्तीही नव्हती.

तेव्हा कपाट आवरताना घासायच्या आधी भिंग घेऊन बूड बघा, कारण फार घासलं की ठसाच आधी झिजतो. उजेड तिरका पाडून फोटो घ्या, कडेची अक्षरं कापू नका. मग मोडायचं तर मोडा.

सरकारी प्रमाणचिन्ह आपल्याकडे सोन्याला २००० साली आलं आणि चांदीला २००५ साली. आता त्यावर सहा अक्षरांचा क्रमांकही असतो. सोन्याला तो सक्तीचा झाला, चांदीला २०२५च्या सप्टेंबरपासून ऐच्छिक आहे. क्रमांक मोबाईलवर टाकला की शुद्धता कळते, तपासणी केंद्र कळतं, विकणारा सराफ कळतो. भांडं घडवणाऱ्याचं नाव टाकायला त्यात रकाना नाही.